ऑर्डर देण्याआधीचा हिशेब

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावी १९८७-८८ च्या सुमारास एच-अ‍ॅसिडचे उत्पादन सुरू झाले. कापडाच्या रंगांसाठी लागणारे हे मधल्या टप्प्यावरचे रसायन. उत्पादन फार काळ चालले नाही. जेमतेम ३७५ टन माल निघाला. तेवढ्या मालापोटी सव्वाआठ हजार घनमीटर सांडपाणी आणि २,४०० टनांहून अधिक गाळ तयार झाला, अशी नोंद पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आली. एक किलो विकण्याजोगा माल आणि त्यामागे साडेसहा किलो गाळ, असे हे प्रमाण. गाळ उघड्यावर पडला, पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरला आणि आसपासच्या गावांतल्या विहिरींचे पाणी तांबडे-काळे झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यायालयाने ‘प्रदूषण करील तोच खर्च सोसेल’ हे तत्त्व या प्रकरणात लागू केले. साफसफाईची रक्कम नंतर सुमारे ३७ कोटी रुपये ठरली.

या निकालाची चर्चा बहुतेक वेळा कायद्याच्या अंगाने होते. नवा कारखाना काढू पाहणाऱ्याने तो रसायनशास्त्राच्या अंगानेही वाचावा. एवढा गाळ आला कुठून? एच-अ‍ॅसिडच्या जुन्या पद्धतीत एका टप्प्यावर लोखंडाची भुकटी आणि आम्ल वापरून क्षपण करतात. भुकटी आपले काम करते आणि लोहाच्या ऑक्साइडचा चिखल होऊन बाहेर पडते. उरलेले सल्फ्युरिक आम्ल चुन्याने मारले की जिप्सम साचतो. कामगारांनी कितीही काळजी घेतली असती, तरी हा गाळ निघालाच असता. तो उघड्यावर टाकणे हा गुन्हा खराच; पण त्याचे टनेज पद्धत निवडली तेव्हाच ठरले होते. हेच क्षपण हायड्रोजन वायू आणि उत्प्रेरक वापरून केले तर लोखंडाचा गाळ निघतच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९८९-९० पासून ‘स्वच्छ उत्पादन’ ही कल्पना पुढे आणली, ती याच विचाराने. घाण तयार होऊ द्यायची आणि मग कारखान्याच्या शेवटच्या टोकाला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प (ईटीपी) बांधून ती धूत बसायचे, याऐवजी ती मुळात कमी तयार होईल अशी पद्धत, यंत्र आणि कच्चा माल निवडायचा. आपल्याकडे मात्र प्रकल्प अहवालात ईटीपीचे प्रकरण बहुधा शेवटून दुसरे असते आणि तोवर यंत्रांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. वीस-पंचवीस वर्षांचे पाणी, वाफ, गाळ आणि कोर्टकचेऱ्या त्या ऑर्डरींत दडलेल्या असतात, म्हणून खरा हिशेब त्यांच्या आधी मांडायला हवा.

हा हिशेब सोपा आहे, फक्त तो चिकाटीने करावा लागतो. कारखान्यात जे जे आत येते ते एका बाजूला किलोमध्ये लिहायचे: कच्चा माल, पाणी, मीठ, आम्ल, अल्कली, द्रावक, इंधन. दुसऱ्या बाजूला जे जे बाहेर जाते ते. दोन्ही बाजू जुळेपर्यंत थांबायचे नाही. विकाऊ माल वजा करून जे उरते ते सगळे पैसे मोजून विकत घेतलेले असते, आणि ते नाहीसे करायला पुन्हा पैसे मोजावे लागतात. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस हा ताळेबंद देत नसेल, तर त्याच्याकडून तो मागून घ्यावा. ‘आमचे तंत्रज्ञान पर्यावरणपूरक आहे’ या वाक्याला अर्थ नाही. एक किलो मालामागे किती लिटर पाणी, किती किलो वाफ, किती गाळ आणि त्या पाण्याचा सीओडी (रासायनिक प्राणवायूची मागणी) किती, याला आहे.

अशा ताळेबंदातून काय घडू शकते याचा नामांकित दाखला म्हणजे आयबुप्रोफेन. वेदनाशामक म्हणून घरोघरी असलेले हे औषध मूळ पद्धतीत सहा टप्प्यांत बनत असे आणि त्यात वापरलेल्या अणूंपैकी जेमतेम चाळीस टक्के औषधात उतरत. १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या बिशप इथे तीन टप्प्यांची पद्धत सुरू झाली आणि हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. टप्पे निम्मे झाले की प्रत्येक टप्प्याला लागणारी भांडी, धुणी आणि गाळणीही त्या प्रमाणात घटतात.

एवढी मोठी झेप प्रत्येकाच्या आवाक्यात नसते. लहान उद्योजकाला उपयोगी पडेल असे गणित प्लेटिंगच्या शेडमध्ये सापडते. भोसरी, सातपूर, वाळूज अशा वसाहतींत झिंक, निकेल, क्रोमचे काम करणारी असंख्य युनिट्स आहेत. टाकीतून माल टांगलेला जिग उचलला की कामाला चिकटून थोडे द्रावण बाहेर येते आणि ते धुवायला पाणी लागते. समजा, चिकटलेले एक लिटर द्रावण हजारपट पातळ करायचे आहे. धुण्याची एकच टाकी असेल तर त्याला सुमारे हजार लिटर पाणी हवे. त्याऐवजी दोन टाक्या ओळीने ठेवल्या, ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडले आणि ते मालाच्या उलट दिशेने पहिल्या टाकीत वाहू दिले, तर साधारण ३२ लिटर पुरतात. तिसरी टाकी जोडली तर दहा. शाळकरी गणितातले वर्गमूळ आणि घनमूळ आहे हे: हजारचे वर्गमूळ ३१.६, घनमूळ १०.

इतके स्वस्त तंत्र असूनही अनेक शेडमध्ये ते का दिसत नाही? शेड बांधताना तिसऱ्या टाकीला जागाच ठेवलेली नसते आणि होइस्टचा रूळ तिथपर्यंत पोचत नाही. नंतर जागा करायची म्हणजे लाइन बंद ठेवायची. म्हणून नव्या प्रकल्पात निकड नसली तरी दोन टाक्यांची जागा मोकळी ठेवावी. जिग टाकीवरच काही सेकंद जास्त निथळू दिला तर द्रावणाचा बराच भाग टाकीतच परत पडतो. त्यासाठी वेगळी खरेदी लागत नाही, फक्त कामगाराच्या पीस-रेटमध्ये तेवढा वेळ धरावा लागतो. तो धरला नाही तर फलकावरच्या सूचनेला कोणी जुमानणार नाही, आणि त्यात कामगाराचा दोष नाही.

द्रावणाची निवड ही याच्याही आधीची पायरी. झिंकसाठी सायनाइडचे बाथ अजून वापरात आहेत, पण सायनाइडविरहित अल्कली झिंक आणि क्लोराइड झिंक हे पर्याय बाजारात रुळलेले आहेत. शोभेच्या क्रोमसाठी विषारी षट्संयुजी क्रोमियमऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम चालते. जाड, कठीण क्रोम हवे असेल तिथे मात्र ते प्रत्येक वेळी जागा घेईलच असे नाही. तेव्हा आपला ग्राहक कोणता भाग मागतो, त्याच्या ड्रॉइंगवर काय लिहिले आहे, हे आधी पाहावे. पुष्कळदा ड्रॉइंगवरची अट वीस वर्षांपूर्वीची असते आणि वाहन कंपनीच्या क्वालिटी विभागाशी बोलल्यावर ती बदलून मिळते. हे बोलणे ऑर्डरीआधी झाले पाहिजे.

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीच्या वस्त्रोद्योगात हाच प्रश्न मिठाच्या रूपाने येतो. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढावा म्हणून बाथमध्ये मीठ घालतात. गडद छटेला लिटरमागे साठ ग्रॅम सहज लागते. शंभर किलो कापड आणि एकास दहा हे पाण्याचे प्रमाण धरले तर हजार लिटर बाथमध्ये साठ किलो मीठ. एकास पाचवर चालणारे सॉफ्ट फ्लो यंत्र घेतले तर पाचशे लिटर आणि तीस किलो. कापड तेच, छटा तीच. यातले मीठ कापडात राहत नाही. सगळे सांडपाण्यात उतरते. आणि जैविक ईटीपीतले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. ते काढायला आरओ लागतो, आरओने नाकारलेले पाणी आटवायला इव्हॅपोरेटर लागतो, इव्हॅपोरेटरला वाफ आणि वाफेला कोळसा किंवा भुसा.

तमिळनाडूतल्या तिरुपूरने ही साखळी फार कष्टाने अनुभवली. नोय्यल नदीवरचे ओरतुपालयम धरण शेतीसाठी बांधले होते. रंगाई कारखान्यांच्या खारट पाण्याने ते भरले आणि खालच्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग उरला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये शून्य सांडपाण्याची सक्ती केली आणि जानेवारी २०११ मध्ये रंगाई युनिट्स बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तिथे पाणी परत वापरणारी मोठी सामाईक केंद्रे उभी राहिली. हे मोठेच यश. पण इव्हॅपोरेटरमध्ये उरणाऱ्या मिश्र मिठाचा आणि त्याला लागणाऱ्या इंधनाचा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला. रंगाईतच मीठ निम्मे केले असते तर पुढच्या यंत्रांवरचा भारही बराच कमी झाला असता.

मीठ जवळजवळ शून्यावर आणणारी पद्धतही आहे. कोल्ड पॅड बॅचमध्ये रंग आणि अल्कली कापडावर दाबून बसवतात, कापड रोलवर गुंडाळून प्लॅस्टिकने झाकतात आणि साध्या तापमानाला काही तास, कधी रात्रभर, सावकाश फिरत ठेवतात. मीठ नको, वाफही फार थोडी. तरीही सोलापूरच्या टॉवेलवाल्याला ही पद्धत सुचवणे चूक ठरेल, कारण त्याला आधी सूत रंगवायचे असते आणि ही पद्धत कापडासाठी आहे. त्याच्यासाठी कमी पाण्यावर चालणारे कोन डाइंगचे यंत्र आणि जास्त प्रमाणात धाग्याला चिकटणारे रंग हा मार्ग. स्वच्छ तंत्रज्ञानाची यादी कुठल्याही पुस्तिकेत मिळते. आपल्या मालाला त्यातले काय लागू पडते हे ज्याचे त्यालाच तपासावे लागते.

आता साखर पट्ट्याकडे. इथेनॉलच्या धोरणामुळे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या किंवा वाढवल्या. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना पद्धतीनुसार आठ ते पंधरा लिटर सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, निघतो आणि त्याचा सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. घरगुती सांडपाण्यात तो काही शेच असतो. असे पाणी नदीत गेले की कृष्णा-पंचगंगेच्या काठी मेलेल्या माशांचा खच का पडतो, हे यावरून कळते.

रोज साठ हजार लिटर अल्कोहोलचा प्रकल्प घ्या. लिटरमागे बारा लिटर स्पेंटवॉश धरला तर दिवसाला सात लाख वीस हजार लिटर. आठ धरला तर चार लाख ऐंशी हजार. मधले दोन लाख चाळीस हजार लिटर रोज आटवावे लागतात की नाही, हे फर्मेंटेशनच्या निवडीवर ठरते: जास्त अल्कोहोल सहन करणारे यीस्ट, सलग किंवा टप्प्याटप्प्याने खाद्य देणारी पद्धत, स्पेंटवॉशचा काही भाग पुन्हा मळी पातळ करायला वापरणे. पुनर्वापरालाही मर्यादा आहे. क्षार आणि आम्ले वाढत गेली की यीस्ट मंदावते. म्हणून आपल्याच कारखान्याची मळी, तीही हंगामाच्या सुरुवातीची आणि अखेरची, दोन्ही तपासून मगच पुरवठादाराकडून लेखी हमी घ्यावी. बी-हेवी मळीत नेहमीच्या सी मळीपेक्षा आंबवता येण्याजोगी साखर जास्त असते, त्यामुळे लिटरमागे घाण कमी. संचालक मंडळाने सी मळी, बी-हेवी आणि रस या तिन्हींचे ताळेबंद शेजारी शेजारी मागवावेत. धोरण बदलले तर आपण कुठे असू हेही त्यातून दिसते.

उरलेल्या स्पेंटवॉशचे काय, हा पुढचा प्रश्न. तो आटवून घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये भुशाबरोबर किंवा कोळशाबरोबर जाळायचा, हा आज मोठ्या प्रकल्पांचा मार्ग आहे. त्यातून वाफ मिळते आणि राखेत पोटॅश उरते. भारत पोटॅश जवळपास संपूर्ण आयात करतो, त्यामुळे या राखेपासूनच्या खताला केंद्र सरकारने २०२१ मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेत घेतले, ही योग्य दिशा आहे. पण तेच पोटॅश बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर धरते आणि सफाईसाठी बॉयलर बंद ठेवावा लागतो. पुरवठादार वर्षाला किती दिवस चालण्याची हमी देतो, बंद काळात स्पेंटवॉश कुठे साठवणार आणि त्या टाकीचे अस्तर कशाचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. स्पेंटवॉश नदीत जाण्याचा धोका नेमका या बंद काळात वाढतो.

साखर कारखान्याच्या मूळ भागात तर पाणी वाचवणे आणखी सोपे. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटवताना ते वाफ होऊन निघते आणि पकडले तर कारखान्याची बहुतेक गरज भागते. २०१६ च्या मानकांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे सांडपाण्याची मर्यादा ४०० वरून २०० लिटरवर आणली, ती याच आधारावर.

इंधन बदलले म्हणजे तंत्रज्ञान बदलले, असा एक समज आहे. फिरोजाबादच्या काच भट्ट्यांनी तो खोटा ठरवला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यात कोळसा जाळण्यावर बंदी आणली आणि भट्टीवाल्यांनी जुन्याच भट्टीला गॅसचे बर्नर लावले. धूर गेला, पण उष्णता पूर्वीसारखीच चिमणीतून निघून जात राहिली. टेरी संस्थेने स्वित्झर्लंडच्या साहाय्याने बाहेर जाणाऱ्या उष्णतेने आत येणारी हवा तापवणारी भट्टी विकसित केली. नुसते बर्नर लावलेल्या भट्टीपेक्षा तिला सुमारे एक तृतीयांश गॅस कमी लागला. ती भराभर पसरली, कारण ती बांधायला स्थानिक मिस्त्री शिकले. आपल्या तालुक्यातला फिटर दुरुस्त करू शकेल का, हा निकष म्हणूनच परदेशी कॅटलॉगमधल्या कार्यक्षमतेच्या आकड्याइतका महत्त्वाचा आहे.

नवे तंत्र जास्त नाजूकही असू शकते. कॉस्टिक सोड्याचे कारखाने पाऱ्याच्या सेलकडून मेम्ब्रेन सेलकडे वळले, पारा गेला, विजेचीही मोठी बचत झाली; पण मेम्ब्रेनला मिठाचे अतिशुद्ध द्रावण लागते. कॅल्शियम-मॅग्नेशियम जरा जास्त झाले की महागडे मेम्ब्रेन खराब. एच-अ‍ॅसिडच्या उदाहरणातला हायड्रोजनही तसाच: गाळ निघत नाही, पण स्फोटाचा धोका येतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी वस्तीला खेटून असलेल्या रसायन कारखान्यांचा धोका पुरेसा दाखवला आहे. सांडपाणी कमी करणारा पर्याय निवडताना आवारात कोणत्याही क्षणी किती ज्वलनशील किंवा विषारी साठा असेल, हा आकडाही तुलनेच्या तक्त्यात हवा. तेवढा साठा सुरक्षित हाताळणारी माणसे आणि पैसा नसेल, तर त्या टप्प्याचे रसायन तयारच विकत घेणे शहाणपणाचे.

बांधकामाच्या नकाशावर एक गोष्ट आग्रहाने पाहावी: गटारे. तीव्र आणि सौम्य सांडपाण्याचे मार्ग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. आरसीसी फरशीखाली एकत्र झालेले पाणी नंतर वेगळे करता येत नाही. सायनाइडचे आणि आम्लाचे पाणी तर चुकूनही एका गटारात येता कामा नये; त्यातून हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघतो. प्रत्येक विभागाच्या पाण्याच्या नळीवर मीटर बसवावा. मीटरची किंमत प्रकल्पाच्या खर्चात दिसतही नाही, आणि मीटर नसलेल्या कारखान्यात बचतीची प्रत्येक चर्चा अंदाजावर चालते.

जुना कारखाना चालवणाऱ्याने लगेच नवी यंत्रे शोधू नयेत. राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो या संस्थेच्या साहाय्याने १९९३-९४ मध्ये कागद, कापड रंगाई आणि कीटकनाशके या क्षेत्रांतल्या लहान कारखान्यांत प्रयोग केले, तेव्हा बऱ्याच सुधारणा बिनखर्चाच्या किंवा अल्पखर्चाच्या निघाल्या: गळती थांबवणे, वाहते पाइप बंद करणे, रसायन मोजून घालणे. सामाईक सांडपाणी केंद्र आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात सर्वांत वर आलेल्या तारापूरमध्ये सामाईक केंद्र होतेच.

खर्चाची तुलना करताना दोन यंत्रांच्या किमती शेजारी लिहून थांबू नये. पाणी, वाफ, रसायने, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीला जाणाऱ्या घातक कचऱ्याची वाहतूक आणि विल्हेवाट, ईटीपीचा वाढीव आकार, हे दहा वर्षांचे धरावे. विल्हेवाटीचा दर आजचाच राहील असे धरणे धोक्याचे. तो वाढेल असेच धरावे. जुने यंत्र घेण्याचा मोह होत असेल तर विकणारा ते का काढतो आहे, याचा शोध घ्यावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उभारणीच्या संमतीचा अर्ज करताना लिहिलेले पाण्याचे आकडे या ताळेबंदातूनच यावेत, सल्लागाराच्या जुन्या अर्जातून नव्हे. पद्धत किंवा उत्पादन बदलले की संमतीही बदलून घ्यावी लागते, हे विसरल्याने चालू कारखान्यांना नोटिसा येतात.

अखेर चालू प्रकल्प पाहायला जाणे. पुरवठादाराने निवडलेला एक आणि आपण स्वतः शोधलेला एक, असे दोन पाहावेत. मालकाबरोबर आपला शिफ्ट सुपरवायझर आणि फिटर न्यावेत, आणि त्यांना तिथल्या ऑपरेटरशी एकट्याने बोलू द्यावे. कचऱ्याच्या पिंपांचे आवार आणि ईटीपीचे रजिस्टर पाहायला मागावे. परतल्यावर ज्या आकड्यांवर निवड झाली तेच करारात लिहावेत: पूर्ण क्षमतेवर, आपल्या कच्च्या मालावर, आपल्या मीटरवर, सलग चालवून दाखवायचे. शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच द्यायचा. आणि डिस्टिलरी असेल तर ही चाचणी गाळप जोरात असताना एकदा आणि उन्हाळ्यात साठवलेल्या मळीवर एकदा, अशी दोनदा घेण्याचे कलम आधीच घालून ठेवावे.